उचल लांबलेली बॅच

एकेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी शेडमधल्या खाद्याच्या लाइन विंच फिरवून वर घेतल्या. रात्री पकडणारी टोळी येणार, पहाटेपर्यंत गाड्या भरून निघणार, म्हणजे बेचाळिसाव्या दिवशी कत्तलीसाठी उचल, असं ठरलेलं. ना टोळी आली ना गाड्या. कत्तलखान्यातल्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि ही बातमी शेडवर पोचायला सकाळ झाली. तोवर बारा हजार ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेले कोंबडीचे पक्षी, पंधरा तास उपाशी होते. कॉम्प्रेसरचा सुटा भाग यायला आठवडा गेला, मग तुंबलेल्या मालात या शेडचा नंबर लागेना. अखेर उचल झाली ती चोपन्नाव्या दिवशी.

मधल्या काळात मला दोन्हीकडून बोलावणं आलं. करारानं पक्षी वाढवून घेणाऱ्या कंपनीला ‘पाळणाऱ्याचा हलगर्जीपणा’ असं लिहून हवं होतं, पाळणाऱ्याला ‘रोग’ असं. मरतूक करारातल्या टक्क्याच्या वर गेली की पाळणाऱ्याच्या हिशोबातून कापतात, म्हणून हा आटापिटा. मेलेला पक्षी उघडून आत काय आहे ते सांगणं हे माझं काम. ते सांगून झालं, तरी ही बॅच डोक्यातून जात नाही.

आधी त्या उपासाचं. कत्तलीआधी आठ ते बारा तास खाद्य बंद ठेवतात, पाणी मात्र गाडी येईपर्यंत चालू. आतडं रिकामं नसेल तर यंत्रावर ते फाटतं आणि सगळं मांस खराब होतं. पण बारा-चौदा तासांच्या पुढे उपास गेला की उलटं व्हायला लागतं. आतड्याचा आतला थर सुटायला लागतो, पक्षी भुकेनं लिटर, म्हणजे पायाखाली अंथरलेला तूस, खायला लागतात, अन्नपिशवीत तूस आणि विष्ठा सापडते. अशा वेळी खाद्य परत कसं द्यायचं याची रीत आहे. दिवे अगदी मंद करायचे, लाइन वर असतानाच सगळ्या ताटल्या भरून घ्यायच्या आणि मग सगळ्या लाइन एकदम खाली सोडायच्या. इथे लाइन रिकाम्याच खाली आल्या आणि मग मोटर चालू केली. ऑगरनं, म्हणजे नळीतल्या फिरत्या स्क्रूनं, खाद्य आधी हॉपरजवळच्या (खाद्याच्या टाकीजवळच्या) ताटल्यांत पडतं, शेवटच्या ताटलीपर्यंत जायला वेळ लागतो. शेडभरचे पक्षी एका टोकाला धावले, एकमेकांच्या पाठीवर चढले. त्या दिवशीचे ओरखडे पुढे कातडीखाली पिवळ्या पापुद्र्यासारखे साचलेले दिसले. शेडवरच्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. उचल रद्द झाली तर काय करायचं याचा एक कागदही कंपनीनं त्याला दिलेला नव्हता. खाद्य कसं बंद करायचं त्याचा मात्र लॅमिनेट केलेला तक्ता दारावर होता.

पुढच्या दोन दिवसांत जे मेले ते बहुतेक नर, वजनदार, अंगानं भरलेले आणि उताणे पडलेले, पाय वर. अन्नपिशवी आणि गिझार्ड (दाणे दळणारं पोट) खाद्यानं गच्च, पित्ताशय रिकामं, फुप्फुसं रक्तानं आणि पाण्यानं जड, हृदयाचे खालचे कप्पे आवळलेले आणि वरचे रक्तानं भरलेले. पंखांची एक जोरदार फडफड, एक उडी आणि पक्षी पाठीवर, मिनिटभरात संपतो. याला ‘फ्लिप-ओव्हर’ म्हणतात. हे एरवी दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जास्त दिसतं, वेगानं वाढणाऱ्या नरांत. जंतू सापडत नाहीत, विष सापडत नाही. हृदयाची लय बिघडते एवढंच.

माझ्या आधी कुणीतरी फोनवरूनच पाच दिवसांचं अँटिबायोटिक सुचवलं होतं. पक्षी न उघडता औषध लिहून देणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, पण इथे तर गणितही चुकलं होतं. औषध दिलं की ते अंगातून निघून जाईपर्यंत पक्षी कत्तलीला पाठवता येत नाही. म्हणजे उचल लांबल्यामुळे मरणाऱ्या पक्ष्यांची उचल आणखी लांबवायची. नशिबानं औषध आणायला गेलेला माणूस परत यायच्या आत मी पोचले.

आतडी सगळी लांबीभर उघडून पाहिली. शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे आतड्यातल्या परजीवींना रोखणारं औषध, नसतं, आणि हेच खाद्य आता दोन आठवडे चालणार होतं. तिथून काही उपटेल अशी धास्ती होती. खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, किरकोळ सोडून काही नाही. प्रयोगशाळेचे अहवालही पुढे कोरेच आले. कंपनीच्या सुपरवायझरला ते पटेना. त्याच्या डोक्यात दोनच खाने: रोग किंवा व्यवस्थापन. एफसीआरच्या (किलोभर वजनाला किती खाद्य लागलं त्याच्या) आलेखापलीकडे पक्ष्याला शरीर असतं हे या लोकांना कोणी शिकवत नाही.

त्या शरीराविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाल रानकोंबडा हा सगळ्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज. त्याच्यापासून आलेली साधी, परसात फिरणारी कोंबडी नीट सांभाळली तर पाच ते आठ वर्षं सहज जगते, दहा ओलांडणाऱ्याही असतात. मिशिगनमधली पीनट नावाची कोंबडी २०२३ मध्ये गिनेसच्या नोंदीत जगातली सर्वांत वयस्क जिवंत कोंबडी ठरली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मेली तेव्हा २१ वर्षांची होती. ही टोकाची गोष्ट झाली. साधं सहा वर्षांचं आयुष्य धरलं तरी ४२ दिवस म्हणजे त्याचे दोन टक्केसुद्धा होत नाहीत. कोंबडी वयात येते साधारण अठरा ते चोवीस आठवड्यांत. म्हणजे उचलीच्या वेळचा ब्रॉयलर हे मोठ्या अंगाचं पिल्लूच असतं. शेडमध्ये डोळे मिटून उभं राहा, पिलांचीच चिवचिव ऐकू येते. आरव नाही, कॉक-कॉक नाही.

१९२५ साली अमेरिकेत विक्रीचा पक्षी तयार व्हायला ११२ दिवस लागत आणि तेव्हा तो जेमतेम सव्वा किलोच्या आत भरे. १९४८ मध्ये तिथे ‘उद्याची कोंबडी’ अशी राष्ट्रीय स्पर्धाच भरवली गेली. भरदार छातीची, लवकर वाढणारी जात निवडायची. तिथून निवडीची चाकं फिरली ती थांबलीच नाहीत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतल्या जाती एकाच वेळी, एकाच खाद्यावर वाढवून पाहिल्या; २०१४ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. ५६ व्या दिवशी १९५७ ची जात ९०५ ग्रॅम, १९७८ ची १८०८ ग्रॅम आणि २००५ ची ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक सगळा रक्तातला.

लोकांना हे सांगून पटत नाही. ‘डॉक्टर, इंजेक्शन देऊनच फुगवतात ना?’ हा प्रश्न मला कुठल्याही समारंभात चुकत नाही. वाढीचा हॉर्मोन हे प्रथिन. खाद्यातून दिलं तर पचून जाणार, म्हणजे टोचायलाच हवं, तेही पुन्हा पुन्हा. बारा हजार पक्ष्यांना रोज कोण टोचणार? शिवाय त्याचा उपयोग होत नाही हेही तपासून झालंय. इंजेक्शनची भीती बाळगणारे लोक खरी गोष्ट ऐकायला तयार नसतात. ती अशी की ही वाढ अंड्यात असतानाच ठरलेली आहे आणि ती थांबवायची सोय पक्ष्याकडे नाही.

त्रेचाळिसाव्या दिवसापासून मी खाद्य मोजून द्यायला सांगितलं. दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास खाणाऱ्या पक्ष्याला एकदम अर्ध्यावर आणता येत नाही, पुन्हा पहिल्या सकाळसारखी चेंगराचेंगरी होते. म्हणून अंधाराचे तास वाढवले, दाणेदार पेलेटऐवजी भरड आणली. भरड खायला वेळ लागतो, पोटात कमी जाते, आणि भांडण होत नाही कारण ताटली पटकन रिकामी होत नाही. सुपरवायझर वजन कमी बसेल म्हणून कुरकुरला. वाढ मंदावली, थांबली नाही. चोपन्नाव्या दिवशी सरासरी ३.६ किलो भरली, एकेचाळिसाव्याला २.७ होती.

आता जागेचा हिशोब करा. चौरस मीटरला १४ पक्षी होते. २.७ किलोनं ते ३८ किलो होतात. ३.६ नं होतात ५०. युरोपीय संघाच्या २००७ च्या ब्रॉयलर निर्देशात साधी मर्यादा ३३ किलोची आहे, सगळ्या अटी पाळल्या तर जास्तीत जास्त ४२. मरतूक वजा केली तरी आमचं शेड त्याच्या खूप पुढे गेलं होतं. पाण्याच्या निपल लाइनची उंची, पंख्यांची ताकद, लिटरची जाडी, सगळं बेचाळीस दिवसांच्या हिशोबानं बसवलेलं. लिटर हातात घेऊन मूठ आवळली तर गोळा होत होता. मूठ उघडल्यावर तो मोकळा पडायला हवा. रात्री गार होत्या म्हणून शेडवरच्या माणसानं हवेची तोंडं बंद केली होती. पिलांना ऊब देण्याची सवय हाताला लागलेली. पण साडेतीन किलोचे बारा हजार पक्षी स्वतःच भट्टी असतात, त्यांना ऊब नको, ओल बाहेर न्यायला वारा हवा. दारातच अमोनियानं डोळे चुरचुरले. नाकाला अमोनिया नीट जाणवतो तेव्हा तो बहुधा वीस पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत वीस) आसपास पोचलेला असतो, आणि तळव्यांना फोड यायला ओल्या लिटरचे थोडे दिवस पुरतात. तोंडं उघडली, लिटर खालीवर केलं, ओला भाग खरवडून काढून कोरडा तूस टाकला. फरक पडला, पण मरतूक खाली आली नाही. फक्त मरणाचा प्रकार बदलला.

शेहेचाळिसाव्या दिवसापासून बसलेले पक्षी वाढले. पंखांचा आधार घेऊन चालणारे, दोन पावलं टाकून बसणारे, पाण्यापर्यंत न जाणारे. चाल तपासायला शून्य ते पाच अशी मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे निकोप, पाच म्हणजे उभंच राहता येत नाही. लांबून नुसतं पाहून अंक देता येत नाही, पक्ष्याला हलकेच उठवून त्याची चाल बघावी लागते. तीनच्या वरचे बाजूला काढायला लावले.

यातले काही उघडले तेव्हा मांडीच्या सांध्याचं चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं. हे कसं बघायचं ते सांगते, कारण निम्मे लोक चुकीचं बघतात. पक्षी उताणा ठेवून मांडीचा आतला पडदा कापायचा, मग पाय बाहेरच्या बाजूला हळू दाबायचा. सांधा टक्कन सुटतो. निकोप पक्ष्यात मांडीच्या हाडाचं डोकं पांढरं, गुळगुळीत, चकचकीत बाहेर येतं. इथे कूर्चेची टोपी खोबणीतच राहिली आणि खालचं हाड तपकिरी, भुसभुशीत. सुरीच्या टोकानं चुरा झाला. नुसती टोपी निघाली तर तो तुमच्या ओढण्याचा दोष असू शकतो, खालचं हाड कसं आहे ते बघितल्याशिवाय निदान करू नये. वाढत्या हाडाच्या टोकाला वजनाच्या ताणानं बारीक चिरा पडतात, तिथलं रक्त अडतं, आणि रक्तात फिरणारे जंतू तिथे घर करतात. स्टॅफिलोकॉकस असतात, एन्टेरोकॉकस सीकोरम असतो. जंतू निघाले की रोगाच्या खान्यात टाकायला सगळे मोकळे. पण एरवी आतड्यात निमूट राहणारा जंतू हाडापर्यंत जायला आधी हाड चिरावं लागतं.

नडगीचं हाडही दोन हातांत धरून मोडून पाहिलं. काड्कन आवाज आला. रबरासारखं वाकलं असतं तर खाद्यातल्या कॅल्शियम, फॉस्फरस किंवा डी जीवनसत्त्वाकडे बोट दाखवता आलं असतं, आणि दोन्ही बाजूंना आवडलं असतं, कारण मग दोष खाद्याच्या गिरणीचा. तेही हातचं गेलं.

बाजूला काढलेल्यांना ताटकळत ठेवायचं नसतं. पण इथे वजन आडवं येतं. हातानं मान सोडवून मारण्याला युरोपीय नियमांत तीन किलोची मर्यादा आहे, त्यावर पाच किलोपर्यंत यांत्रिक साधन लागतं. नियम तुम्हाला लागू असो नसो, त्यामागचं कारण सगळीकडे एकच: जड पक्ष्याची मान हातानं एका झटक्यात सुटत नाही आणि अर्धवट काम म्हणजे यातना. शेडवर असं साधन नव्हतं. असणार कसं? या वयाचा पक्षी इथे कधी असतच नाही.

पन्नासाव्या दिवसानंतर जलोदर आला. तुरा निळसर, पोट पाण्यानं तटतटलेलं, पक्षी धापा टाकत एका जागी. पोटाचं कातडं उघडलं की गवताच्या रंगाचं पाणी आणि त्यात पिवळ्या जेलीसारख्या गुठळ्या. यकृत सुजून गोल कडांचं. इथे मी नेहमी हृदय तोलते, आणि हे काम मला आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगते. वरचे दोन्ही कप्पे आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापून टाकायच्या, चरबी काढायची, आतलं रक्त टिपून घ्यायचं. उजव्या खालच्या कप्प्याची बाहेरची भिंत मधल्या पडद्याच्या कडेकडेनं सोलून काढायची. एका दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर आधी ती भिंत, मग दोन्ही खालच्या कप्प्यांचं मिळून वजन. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. निकोप पक्ष्यात उत्तर पाव किंवा त्याखाली येतं, ०.२७-०.२९ च्या पुढे गेलं की उजवी बाजू ताणाखाली होती. एका नराचं १४.२ ग्रॅमपैकी ५ ग्रॅम भरलं, म्हणजे ०.३५. ही जाडी एका रात्रीत येत नाही. हे हृदय चाळिसाव्या दिवशीही आजारीच होतं; तेव्हा उचललं असतं तर कोणाला कळलं नसतं.

कारण फुप्फुसात आहे. पक्ष्याचं फुप्फुस फासळ्यांना चिकटलेलं, ताठ. आपल्यासारखं फुगत नाही. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही फारशा रुंदावत नाहीत. छातीचं मांस झपाट्यानं वाढलं की प्राणवायूची मागणी वाढते, हृदय जास्त रक्त ढकलतं, आणि फुप्फुस ते सहजी घेत नाही. दाब वाढतो, उजवी भिंत जाड होते. पक्ष्यात उजव्या बाजूची झडप त्याच भिंतीच्या स्नायूची बनलेली असते. भिंत जाडावली की झडपही जाडावते, नीट मिटत नाही, रक्त मागे यकृताकडे तुंबतं आणि पोटात पाणी उतरतं. थंडीत प्राणवायू जास्त लागतो, अमोनियानं श्वासमार्ग बिघडतो. तोंडं बंद ठेवली नसती तर काही पक्षी कमी मेले असते हे मी अहवालात लिहिलं. सगळे वाचले असते असं लिहिलं नाही.

मग नुकसानीची मोजदाद करायला विमा कंपनीचा माणूस आला. भला माणूस, त्याच्या फॉर्मात एक रकाना होता, प्राण्याचं अपेक्षित आयुर्मान. गाईला घोड्याला चालणारा फॉर्म. ‘डॉक्टर, इथे काय भरू? पाच-सहा वर्षं?’

मी त्याला या पक्ष्यांच्या आईबापांबद्दल सांगितलं. ब्रॉयलरची अंडी देणारा ब्रीडर कळप हा याच रक्ताचा. पण तो साठ-पासष्ट आठवडे जगवावा लागतो, कारण अंडी हवीत. आणि तो जगतो तो केवळ उपाशी ठेवल्यामुळे. आठ आठवड्यांच्या ब्रीडर मादीचं ठरवलेलं वजन किलोच्या आत असतं. आमचा चोपन्न दिवसांचा पक्षी तिच्या चौपट होता. ब्रीडर मादी साडेतीन किलोची व्हायला तीस आठवड्यांच्या वर जावं लागतं. वाढीच्या काळात तिला रोजचं खाद्य इतकं मोजून मिळतं की ताटली अर्ध्या तासाच्या आत साफ होते. काही ठिकाणी दिवसाआड खायला घालतात, म्हणजे निदान त्या दिवशी तरी सगळ्यांच्या वाट्याला येतं. उरलेला वेळ पक्षी रिकाम्या ताटलीवर चोची मारतात आणि पोट भरायला पाणी पितात. लिटर ओलं होऊ नये म्हणून मग पाणीही मोजतात. पोटभर घातलं तर नर मादीवर चढू शकत नाही, मादीच्या अंडाशयात एकदम जास्त बलकं तयार होऊन अंडी बिघडतात, आणि मरतूक वाढते. आईला खाऊ घातलं तर ती टिकत नाही, आणि पोराला उपाशी ठेवलं तर त्यात कुणाचा फायदा नाही.

तर त्या रकान्यात काय भरायचं? जातीचं म्हणून सहा वर्षं, आईबापांचं म्हणून पासष्ट आठवडे, की या शेडमधल्या खाद्यावर, या शेडमधल्या हवेत जे दिसलं ते? मी तिन्ही सांगितली. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘एकच लिहिता येतं.’ त्यानं बेचाळीस दिवस लिहिलं. मला त्यावर सही करावी लागली नाही हे बरं.

लेयरचं बरं चाललंय असा एक समज असतो, कारण अंड्यावरची कोंबडी दीड-दोन वर्षं जगते. पूर्वी ७२ आठवड्यांना कळप काढत, आता चांगल्या जाती ९०-१०० आठवड्यांपर्यंत नेतात. पण रानकोंबडी वर्षाला फार तर दहा-पंधरा अंडी घालते, आणि ही तीनशेच्या वर. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. खाद्यातून ते रात्री पुरत नाही, म्हणून हाडांतून काढलं जातं. वर्षाअखेरच्या लेयरच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवा, जुन्या मोडींचे गोळे हाताला लागतात. दोन-तीन वर्षांच्या पुढे जगवलेल्या लेयरमध्ये अंडाशयाचा कर्करोग इतका आढळतो की माणसाच्या त्या रोगाच्या अभ्यासासाठी याच कोंबड्या वापरतात. तिच्या भावांचं आयुष्य तर एका दिवसाचंही नसतं. ते अंडी देत नाहीत आणि मांसासाठी परवडत नाहीत. जर्मनीनं २०२२ पासून ती पिलं मारणं बंद केलं, आता तिथे अंड्यातच लिंग तपासतात. सावकाश वाढणाऱ्या मांसाच्या जातीही आहेत. फ्रान्सच्या लाल लेबलवाल्या कोंबडीला किमान ८१ दिवस लागतात, आणि तिचे पाय, हृदय खरंच बरे असतात, मी उघडून पाहिलेत. तरी तीही साधारण तीन महिन्यांतच जाते.

उचलीच्या रात्री पकडणारी टोळी वैतागली. अडीच किलोच्या हिशोबानं एका हातात धरायची संख्या ठरलेली असते, तीच त्यांनी साडेतीन किलोला लावली. पंखांची फडफड वाढली. नंतर कत्तलखान्यात काही छात्या हिरव्या निघाल्या. मोठ्या स्नायूखालचा आतला लांबट स्नायू घट्ट आवरणात असतो. पक्षी जोरानं पंख मारतो तेव्हा तो सुजतो, आवरण ताणत नाही, रक्त अडतं आणि स्नायू जागीच मरतो. हिरवा रंग यायला काही दिवस लागतात, म्हणजे ही जखम उचलीच्या रात्रीची नव्हे, त्या पहिल्या सकाळच्या चेंगराचेंगरीची असावी. कत्तलखान्यानं मात्र ती टोळीच्या नावावर लावली आणि टोळीनं पाळणाऱ्याच्या.

माझ्या अहवालाच्या पहिल्याच ओळीत मी वय लिहिलं, आणि कारणांत ‘ठरलेल्या वयापलीकडे धारण’ असं. कंपनीनं तो परत पाठवला, असं कारण त्यांच्या यादीत नाही म्हणून. मी बदलला नाही. शेवटी तडजोड झाली, बेचाळिसाव्या दिवसानंतरची मरतूक पाळणाऱ्याच्या हिशोबातून वगळली. उचल रद्द झाल्यास काय करायचं याचा तक्ता मी लिहून दिला. तो अजून लॅमिनेट झालेला नाही.

प्रत्येक उचलीनंतर शेडमध्ये दोन-चार पक्षी राहतातच, पंख्याच्या चौकटीमागे, तुसाच्या पोत्यांच्या आड. या वेळी तीन राहिले, दोन माद्या, एक नर. शेडवरच्या माणसानं विचारलं, ठेवू का. चालणारे होते, तुरे लाल होते, ठेव म्हटलं. प्रत्येकी दिवसाला नव्वद ग्रॅम खाद्य, प्रथिन चौदा-पंधरा टक्क्यांचं, दोन वेळा विभागून आणि ताटलीत नाही, जमिनीवर विखरून, म्हणजे चालून वेचतील. पाणी कधी तोडायचं नाही. उंच दांडी द्यायची नाही, उतरताना पाय जातात; कोरड्या तुसाचा जाड थर पुरे. दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी खाण्याआधी वजन. नर उपाशीपोटीही वाढतोच आहे, त्याचं खाद्य ऐंशीवर आणलंय. एका मादीनं परवा पहिलं अंडं घातलं, तेव्हा तिला वेगळं शिंपल्याचं चूर्ण ठेवायला सांगितलं. अंडी दोन बलकांची यायला लागली तर तिचंही खाद्य दहा ग्रॅमनं उतरवायचं आहे.